बिस्किटांच्या डब्याची जागरणं

परत आल्याला पंधरा दिवस झाले. साताऱ्यात भेटेल तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. दिसला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. वाघ पाहिलेली माणसं लिहीत नाहीत, ती चौकात उभं राहून सांगतात. मी पाहिलं ते एक शेपूट. पण त्या शेपटाच्या मालकाचं जगणं-मरणं त्यावर अडलं होतं, म्हणून सांगण्यासारखं आहे. ज्यांनी आटपाडीचा माळ पाहिलेला नाही आणि पाहायचा विचारही नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

इस्लामपूर

या प्रवासाचं मूळ एका माहितीपत्रकात आहे. मी साताऱ्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. गेल्या पावसाळ्यात इस्लामपूरचे बनसोडे आपलं पत्रक छापायला घेऊन आले. वर ठळक अक्षरांत 'रात्रीचे रहस्यमय वन्यजीवन, आता आपल्या दिवाणखान्यात' असं होतं आणि खाली तेरा विशेषणं होती. मी त्यातली अकरा काढली. लेखक सहसा यावर भांडतात. बनसोडे म्हणाले, "दोन तरी कशाला ठेवली?" तिथे आमची मैत्री झाली.

बनसोडे एका तांत्रिक शाळेत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवतात आणि लग्नसराईत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. वधूचं तोंड कमळातून उमलताना दाखवणं हा त्यांचा हातखंडा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं नसतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा मोकळा असतो. या मोकळ्या दिवसांसाठी त्यांनी एक यंत्र बनवलं होतं, आणि त्याची रोज नोंद ठेवायला त्यांना एक माणूस हवा होता. विशेषणं कापणारा माणूस नोंदी बऱ्या ठेवेल, असा त्यांचा हिशेब.

यंत्र बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात होतं. आत लग्नाचा कॅमेरा, त्याच्या शेजारी मोटरसायकलची बॅटरी. डब्याला पुढे दोन भोकं. एका भोकात कॅमेऱ्याची काच, दुसऱ्यात एका बंद पडलेल्या सराफी दुकानातून आणलेला चोर पकडायचा डोळा. वर एका पाटीवर टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असतात तसले कितीतरी बारके दिवे. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

"माणूस असो की जनावर, अंगाला ऊब असते," बनसोड्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "ऊब हलली की डोळ्याला कळतं. डोळ्याला कळलं की दिवे आणि कॅमेरा चालू. ऊब हलायची थांबली की बंद. आपण घरी झोपायचं."

"आणि चालू व्हायला किती वेळ लागतो?"

"चार सेकंद," ते म्हणाले. वराकडच्या मंडळींनी वराचं वय सांगावं तशा आवाजात.

कोयनानगर

धरणाच्या वसाहतीपासून दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या निसर्गप्रेमी मंडळाने आम्हाला बोलावलं होतं. जंगल खात्याच्या हद्दीत डबा लावायला परवानगी लागते आणि ती कागदावर लागते. म्हणून हद्दीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या बांधावर तो लावायचा, असं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या बांधावर सतरंजी अंथरलेली होती.

मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं असं की, जिल्ह्यात पहिल्यांदाच होणारी गोष्ट नारळाशिवाय होणं शोभत नाही. डब्याला लाल फीत बांधली होती, समोर फोटोवाला उभा होता. अध्यक्षांनी फीत कापली, नारळ फोडला आणि नारळातलं पाणी डब्यावर शिंपडलं. बनसोड्यांनी रुमाल काढून ते पुसलं. अध्यक्षांनी पुन्हा शिंपडलं. मग भाषण झालं. जंगलातल्या शांततेचं महत्त्व हा विषय होता, आणि ते पाऊण तास चाललं. आम्हा दोघांना शाली मिळाल्या. साताऱ्यात शाल मिळायला माणूस निदान निवृत्त व्हावा लागतो.

जेवायला नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा असा खर्डा होता की, पुढची दहा मिनिटं मी कुणाच्याही मताशी असहमत झालो नाही. जेवताना ताटं वाजली. तांब्यातल्या पाण्यावर लहर उठली. मी भाकरी हातात धरून दाराकडे पाहिलं. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "बसा वो. ह्यो धक्का आपला रोजचा हाय. मोठा आला की म्या सांगते की." आमच्याकडे पाहुण्याला असंच दारातल्या कुत्र्याबद्दल सांगतात. मी बसलो.

सकाळी डबा उघडला. कॅमेऱ्याच्या बाजूला एक पडदा उघडतो, आगपेटीहून थोडा मोठा. त्यावर आम्ही रात्र पाहिली. पहिल्या चित्रात रानडुकराचा मागचा भाग. दुसऱ्यात साळिंदराचे काटे झुडपात शिरताना. तिसऱ्यात कुणाचं तरी शेपूट, आणि ते कुणाचं यावर मंडळात दोन तट पडले. चौथं चित्र पहाटेचं होतं. त्यात अध्यक्ष होते. हातात टमरेल घेऊन ते बांधाच्या पलीकडे निघाले होते, आणि कॅमेरा चार सेकंद उशिरा सुरू झाल्यामुळे तेही पाठमोरेच मिळाले.

"हे मोठं करून दाखवता येईल का?" अध्यक्षांनी हे चित्र लागण्याआधी विचारलं होतं. लागल्यावर म्हणाले, "नको. राहू द्या. जिवंत निसर्ग जागच्या जागी बरा."

असे तीन दिवस गेले. पुढून आलेला एकही प्राणी आम्हाला मिळाला नाही. मी वहीत लिहिलं, 'कोयना खोऱ्यात वन्यजीव भरपूर असून ते निघून जात आहेत.' बनसोडे म्हणाले, हे वाक्य सरकारी अहवालातही चालेल.

आटपाडी

कोयनेहून आटपाडीला जायला तीन एस.ट्या आणि एक जीप लागली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की त्या पोचल्या. कराडपर्यंत ऊस दिसतो. विट्याच्या पुढे बाभळ दिसू लागते, आणि मग बाभळही अंतर ठेवून उभी राहते. सकाळी आम्ही जिथून निघालो तिथे भिंतींवर शेवाळ होतं. संध्याकाळी उतरलो तिथे पावसाबद्दल बोलताना लोक दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

बनसोड्यांची थोरली बहीण, सुमनताई, तिथल्या एका वाडीत सरकारी उपकेंद्रावर नर्स आहे. पंचवीस-तीस मैलांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे तिला कोणी नाही म्हणत नाही आणि तीही कुणाची भीड ठेवत नाही. तिने आम्हाला हुलग्याचं माडगं प्यायला दिलं. हुलगे भाजून दळून केलेली ही पातळ पेज. साताऱ्यात हुलगे बैलांना घालतात हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही आणि दुसरी वाटी घेतली.

"लांडग्याचं चित्र पायजे ना तुमाला?" सुमनताई भावाला म्हणाली. "मग तानूमावशीच्या वस्तीवर लावा डबा. तिच्या कुत्र्याचा जीव तरी वाचंल. नायतर शनिवारी त्याला मारत्यात."

हकिकत अशी होती. तानूबाई साठीची, विधवा. तिची चाळीस मेंढरं, आणि दीर बिरूआण्णाची दोनशे. दोघांचा कळप एकत्र बसतो. दिवाळी सरली की ही धनगर मंडळी मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णाकाठाकडे निघतात आणि पाऊस पडल्यावरच परततात. चार दिवसांनी, शनिवारी, निघायचं होतं. गेल्या महिन्याभरात रात्री तीन कोकरं गेली होती. आणि आरोप होता तानूबाईच्या कुत्र्यावर. त्याचं नाव हवालदार.

आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा आरोपी बाभळीखाली झोपला होता. मातकट रंगाचा, रुंद छातीचा, एक कान अर्धा. आम्हाला पाहून त्याने एक डोळा उघडला, आमची इयत्ता ठरवली आणि मिटला. बिरूआण्णा उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याने आधी बनसोड्यांच्या हातातला डबा पाहिला आणि मग बोलायला सुरुवात केली.

"हे बगा सायेब, लांडग्यानं न्हेलं तर आमी चकार शबूद काढत न्हाई. त्येचा वाटा हाय, त्यो घिऊन जातो. देवानं त्येला बी पोट दिलंय. पर घरच्या कुत्र्यानं तोंड लावलं, तर त्यो कुत्रा म्होरल्या वाटंला न्यायाचा न्हाई, न् मागं बी सोडायाचा न्हाई."

"मागं का नाही?"

"चटावल्यालं कुत्रं. गावातली शेरडं फाडील. श्या आमाला."

"पण कुत्र्यानंच नेलं कशावरून?"

"पाय बगितल्यात. भुकला न्हाई येका बी रातीला. आन तिसरं कोकरू गेलं त्या दिशी ह्येच्या मिशाला लोकर."

तानूबाई चुलीपाशी होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं. "मेंढरात ऱ्हातं त्येच्या मिशाला लोकर आसंल न्हाईतर काय, साकर? अन लांडग्याचा पाय न् कुत्र्याचा पाय तुमाला तरी वळखू येतो का, भावजी? माज्या लग्नात तुमी माजीच पावलं वळखली न्हाईत, उंबऱ्यावरचं माप घरातल्या कोंबडीनं लवंडलं म्हणत व्हता."

"त्ये चाळीस वर्साचं झालं, वैनी."

"हवालदार आट वर्साचा झाला. आट वर्सं माज्या म्होरं झोपलाय. त्येला मारला तर मी कळपामागं येत न्हाई. हितंच बसते. माजी मेंढरं तुमीच हाका."

हे तिने भाकरी परतावी तितक्या सहज सांगितलं, पण बिरूआण्णाने डब्यावरची नजर काढून मेंढरांकडे वळवली. चाळीस मेंढरांमागे हाकायला माणूस नसेल तर ती विकायची, आणि विकली की तानूबाईचं काही उरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

सुमनताईने निवाडा केला. तीन रात्री डबा लावायचा. कुत्रा मोकळा सोडायचा. डबा काय दाखवेल ते दोघांनी मानायचं.

"डबा खोटं बोलला तर?" बिरूआण्णाने विचारलं.

"त्याला बोलता येत नाही," बनसोडे म्हणाले. "म्हणून तर आणला."

पहिली रात्र

मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात बसतात. त्या जाळीला ही मंडळी वाघर म्हणतात. बनसोड्यांनी वाघरीच्या कोपऱ्यावरच्या बाभळीला कमरेएवढ्या उंचीवर डबा बांधला, बटण दाबलं, आणि आम्ही उपकेंद्रावर येऊन झोपलो. या यंत्राचा मोठा गुण हा की जागरण त्याने करायचं.

सकाळी वस्तीवर जाऊन डबा उघडला. पडद्यावर तासभर दाट धुकं होतं. आटपाडीला धुकं म्हणजे इस्लामपुरात हिमवर्षाव. मग आम्ही डबा बाहेरून पाहिला. त्याच्या दोन्ही भोकांवर भंडारा चोपडला होता. हळदीचा लेप, अंगठ्याने नीट दाबून लावलेला.

"म्या लावला," तानूबाई म्हणाली. "नवीन कायबी कळपात आलं की बिरोबाचा भंडारा लावल्याबगर ऱ्हाऊ देत न्हाई आमी. कोकरू आसू दे न्हाईतर सून. त्यात ह्यो न्याव कराय आलाय."

"मावशी, पण डोळ्याला?"

"मग कुटं? कपाळ कुटं हाय त्येला?"

प्रश्न रास्त होता. डब्याला कपाळ नव्हतं. बनसोड्यांनी झाकणावर पेनाने एक गोल काढून दिला आणि सांगितलं की कपाळ हे. तिथे भंडारा लागला. कोयनेच्या अध्यक्षांनी नारळाचं पाणी शिंपडलं तेव्हा मला जो त्रास झाला होता, तो इथे झाला नाही. का ते मी बराच वेळ शोधत होतो. अध्यक्षांनी आधी फोटोवाल्याकडे पाहिलं होतं, एवढाच फरक मला सापडला.

दुसरी रात्र

दुसऱ्या रात्री काच स्वच्छ होती आणि चित्र उत्तम आलं. एका मेंढीचं. ती रवंथ करत होती. मग दुसरी मेंढी, तीही रवंथ करत होती. दोन-अडीचशे मेंढरांच्या अंगाला ऊब असते आणि ती सतत हलत असते, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. कॅमेरा संध्याकाळी सुरू झाला तो टेप संपेपर्यंत थांबलाच नाही, आणि टेप रात्रीच्या जेवणाआधीच संपली.

त्याच रात्री चौथं कोकरू गेलं.

"डबा जेवाय गेला व्हता का?" बिरूआण्णाने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याने हवालदाराच्या गळ्यात दोर बांधला आणि दुसरं टोक दाव्याच्या खुंटाला अडकवलं. तानूबाईने तो सोडला. "तीन राती म्हनलाय," ती म्हणाली. "दोन झाल्या."

बनसोड्यांनी त्या दिवशी जेवण टाळलं. त्यांनी डब्याच्या डोळ्याला पुठ्ठ्याची झापडं लावली, टांग्याच्या घोड्याला असतात तशी, म्हणजे त्याला आतली मेंढरं दिसू नयेत, फक्त वाघरीबाहेरची पट्टी दिसावी. दुपारी माळावर बसून आम्ही डाळिंब खात होतो तेव्हा ते हळूच म्हणाले, "कुत्राच निघाला तर?"

"तर कुत्रा निघाला."

"लग्नात मी नवऱ्या मुलाचं टक्कल झाकतो. सासूची रडायची वेळ चुकली तर पुढच्या लग्नातली सासू टाकतो. टेपेवरचा दोन मिनिटांचा भाग पुसायला मला अर्धं मिनिट लागतं."

मी नोंदवही मिटली. मुद्रितं तपासणाऱ्याचं सगळं आयुष्य एका श्रद्धेवर चालतं, की मूळ प्रत असते ती असते. हे मी त्यांना सांगितलं. माझ्याच कानाला ते फार पोकळ वाटलं. समोर हवालदार कोकरांच्या मधोमध पडला होता आणि एक कोकरू त्याच्या पाठीवर चढून उतरत होतं.

"पुसू नका," मी म्हणालो. "पण आज रात्री मला विचारू नका."

तो प्रश्न तानूबाईने सोडवला. संध्याकाळी डबा लावताना ती म्हणाली, "उद्या सकाळी तुमी आदी उगडून बगायचं न्हाई. समद्यांनी येकदम बगायचं. म्या बी तवाच बगनार." कुणावर अविश्वास दाखवायची ही फार सभ्य पद्धत होती.

तिसरी सकाळ

उपकेंद्राच्या ओसरीवर सुमनताईचा टीव्ही आणून ठेवला. वस्तीतली वीसेक माणसं आली. बायका पुढे, पुरुष मागे, भिंतीला टेकून. बिरूआण्णाने पटका नवा बांधला होता. तानूबाई अगदी पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर बसली. वीज होती, ती जाईल या भीतीने बनसोड्यांनी घाईघाईने तार जोडली आणि टेप लावली.

पडद्यावर सनई वाजायला लागली. एक नवरा मुलगा घोड्यावर बसला होता.

बनसोडे काटकसरी आहेत. डब्यासाठी ते लग्नाच्या जुन्या टेपा वापरतात, शेवटी जागा उरलेल्या. पुढे नेण्यासाठी त्यांनी बटणाकडे हात केला तर बायकांतून आवाज आला, "आसू द्या. आसू द्या की."

"मावशी, हे वाळव्याकडचं लग्न आहे. पुढं आपलं आहे."

"लगीन कुनाचं बी आसू दे, अर्दं सोडत न्हाईत," तानूबाई म्हणाली. ज्या बाईचं सगळं त्या टेपेवर अडलं होतं, तिनेच हे म्हटल्यावर कोण काय बोलणार. माझ्या मते तिला तो वेळ हवा होता.

मग आम्ही लग्न पाहिलं. नवऱ्या मुलाच्या कानांबद्दल मतं पडली. वधूच्या मामाने धोतर नीट नेसलं नाही असं ठरलं. कमळातून वधूचं, मग करवलीचं तोंड उमललं तेव्हा मागच्या पुरुषांनीही मान पुढे काढली. "किती जणी दाखवणार ह्यो त्या फुलातनं?" बिरूआण्णाने विचारलं. वऱ्हाड निघालं. वधूची आई रडली. ती त्याच लग्नातली होती का, हे मी बनसोड्यांना विचारलं नाही.

मग पडदा काळा झाला आणि हिरवट राखाडी उजेडात वाघरीची जाळी दिसली.

जाळीबाहेर एक शेपूट हलत होतं. चार सेकंद उशिरा, नेहमीप्रमाणे. पण शेपूट गेलं नाही. ते हलतच राहिलं आणि हळूहळू फिरून त्याचा मालक समोर आला. अर्धा कान. हवालदार.

तानूबाईने पदराचं टोक मुठीत धरलं.

उजवीकडून दुसरं जनावर आलं. लांब पायांचं, बारीक अंगाचं, डोकं खाली धरून चालणारं. दिव्यांच्या उजेडात त्याचे डोळे दोन पांढऱ्या टिकल्यांसारखे चमकले. "लांडगीण," मागून कुणीतरी हळू म्हणालं. ती थांबली. हवालदारही थांबला. आता भांडण होणार म्हणून बनसोडे उठून उभे राहिले. हवालदार पुढे गेला, तिच्या नाकाला नाक लावलं, आणि पुढचे दोन पाय जमिनीला टेकून पाठ वर केली, लहान पिल्लू खेळायला बोलावतं तशी. तीही वाकली. दोघं जाळीच्या कडेने पळाली, परत आली, पुन्हा पळाली. वाघरीतल्या मेंढरांनी उठून जागा बदलली, एवढंच.

मग लांडगीण जाळीखालून आत शिरली. हवालदार तिथेच जाळीशी बसला. सरळ, छाती काढून, पहाऱ्यावर बसावा तसा. क्षणभराने ती कोकरू तोंडात धरून बाहेर आली. ती त्याच्या शेजारून गेली तेव्हा त्याने मान दुसरीकडे फिरवली. माझ्या वहीत त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

चित्र बंद झालं. बाहेर एक कोंबडी कोकलत होती.

"तोंड लावलं न्हाई त्येनं," शेवटी बिरूआण्णा म्हणाला.

"न्हाई लावलं," तानूबाई म्हणाली.

"पर बसला की वं, वैनी. बसून ऱ्हायला."

"व्हय."

"मान बी फिरवली."

"बगितली म्या."

बिरूआण्णाने पटका काढून मांडीवर ठेवला आणि डोकं खाजवलं. असा गुन्हा त्याच्या माहितीच्या कुठल्याही रिवाजात बसत नव्हता. लांडग्याने नेलं तर तो वाटा. कुत्र्याने नेलं तर मरण. कुत्र्याने लांडगिणीला नेऊ दिलं तर काय, हे त्याच्या आज्याने सांगून ठेवलं नव्हतं.

"जावई झालाय म्हना की लांडग्यांचा," तो म्हणाला. "आता जावयाला कसं मारनार?"

"मारता येत न्हाई," तानूबाई म्हणाली. "अन चाकरीला बी ठेवता येत न्हाई."

"म्हणजे पाचही कोकरं आहेरात गेली," बनसोडे म्हणाले. कुणी हसलं नाही. मग बिरूआण्णा हसला, आधी मिशांत, मग उघड, आणि मग सगळी ओसरी हसली. तानूबाई सोडून. ती उठून वस्तीकडे चालू लागली होती.

आम्ही तिच्यामागून गेलो. हवालदार बाभळीखाली झोपला होता, रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा. त्याच्या गळ्यात रुंद पट्टा होता, बाहेरून लोखंडी खिळे असलेला. लांडगा मानेला धरतो म्हणून माळावरच्या कुत्र्यांना असा पट्टा घालतात. तानूबाई त्याच्याजवळ बसली आणि पट्ट्याची कडी सोडवू लागली. कडी गंजली होती. तिला वेळ लागला, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही.

"ह्यो ऱ्हाऊ दे आता," ती त्याला म्हणाली. "तिला टोचत आसंल."

हवालदाराने मोकळी झालेली मान मागच्या पायाने बराच वेळ खाजवली.

बनसोड्यांना आणखी एक रात्र हवी होती. असं चित्र देशात कुणाकडे नसेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बहुधा खरं आहे. बिरूआण्णा म्हणाला, "लावा की." तानूबाई म्हणाली, "नगं." डबा उतरवला. कपाळावरचा भंडारा बनसोड्यांनी पुसला नाही.

शनिवार

शनिवारी सकाळी आमची एस.टी. वाडीबाहेर पडली आणि लगेच थांबली. पुढे रस्ताभर मेंढरं होती. बिरूआण्णा सगळ्यात पुढे, मग दोन घोड्यांवर बोजा आणि बोजावर बांधलेल्या कोंबड्या, मग कळप, आणि शेवटी डोक्यावर गाठोडं घेतलेली तानूबाई. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मेंढरांनी तो ऐकला आणि विचारात घेतला नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

कळपाच्या मागे, थोडं अंतर सोडून, हवालदार येत होता. गळा मोकळा. ओढ्यापर्यंत तो आला. तिथे वाडीची शीव संपते. मेंढरं ओढ्यात उतरली आणि पलीकडे चढली. तो अलीकडे थांबला, मागे माळाकडे पाहिलं, पुढे कळपाकडे पाहिलं आणि बसला.

तानूबाईने हाक मारली नाही. ती ओढा उतरून गेली, पलीकडे चढली, चार पावलं चालली आणि थांबली. मग परत फिरून ओढा ओलांडून आली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडून एक भाकरी काढली आणि रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली. गाठ पुन्हा बांधायला घेतली. ड्रायव्हरने पुन्हा भोंगा वाजवला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. अर्धी बांधलेली गाठ तिने सोडली आणि पहिल्या भाकरीशेजारी दुसरी ठेवली.